‘तोंडाला फडके बांधून’
कामरगावच्या (तालुका कारंजा) शिवारात कपाशीवर फवारणी करणारा मजूर नाकातोंडाला जो दुपट्टा गुंडाळतो, तो औषधाच्या तुषारांनी भिजला म्हणजे रक्षण करण्याऐवजी तेच विष श्वासाशी धरून ठेवतो. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने किमान २० माणसे दगावली, हे विसरता येत नाही. जिनिंगमधील कापसाच्या धुळीस कणरोधक, चेहऱ्याला घट्ट बसणारी मुखपट्टी चालते. परंतु कीटकनाशकाची वाफ तिच्यातून सरळ आत जात असल्यामुळे फवारणीस कणरोधक थरासह सक्रिय कोळशाची डबी असलेला मुखवटाच हवा, आणि दाढीच्या खुंटांनीही त्याला फट पडते. पेवात वा जुन्या विहिरीत प्राणवायूच उणा असल्यास कोणतीही गाळणी व्यर्थ. तेथे बाहेरून शुद्ध हवा पुरविण्याचीच तजवीज लागते.