तेलाला लावलेले दुसरे काम

इंजिनातील तेल म्हणजे वंगण, अशीच आपली सर्वसाधारण समजूत असते. लोखंड लोखंडावर घासू नये, पिस्टन सिलिंडरमध्ये सुखाने वरखाली व्हावा, बेअरिंगे तापू नयेत, एवढे केले की तेलाचे कर्तव्य संपले. शंभर वर्षे ते तसेच संपत होते. परंतु अमेरिकेतील फोर्ड कंपनीच्या पिकअप मालमोटारींत २००३ च्या मॉडेलापासून जे सहा लिटरचे डिझेल इंजिन बसू लागले, त्यात तेलाकडे वंगणाखेरीज आणखीही एक काम होते. आणि ते काम इतके नाजूक होते, की एखाद्या रबरी कडीने दगा दिला तरी तीन टनांची गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहावी. ह्या इंजिनाचे कोणते भाग वारंवार निकामी झाले आणि ते का बदलावे लागले, हा विषय मिस्त्रींच्या कामाचा खरा. पण त्यात यंत्रेतिहासाचे एक प्रकरणही सामावलेले आहे.

त्याचे मूळ शोधण्यासाठी थोडे मागे जावे लागते. रुडॉल्फ डिझेल याने जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे १८९७ साली आपले इंजिन चालवून दाखविले, तेव्हा ठिणगीवाचून इंधन पेटते हे सिद्ध झाले. हवा दाबली की ती तापते, आणि त्या तापलेल्या हवेत इंधनाची फवार सोडली की ते आपोआप पेट घेते. तत्त्व सोपे आहे. अडचण फवारीची! आत आधीच प्रचंड दाबाची हवा कोंडलेली असताना, बाहेरून इंधन आत शिरवायचे म्हणजे त्याहूनही अधिक दाब हवा. डिझेलने त्यासाठी संकुचित हवेचीच मदत घेतली. त्यामुळे इंजिनासोबत एक अवजड कॉम्प्रेसरही बाळगावा लागे. अशी इंजिने जहाजांना आणि कारखान्यांना मानवली, मोटारींना मानवणे शक्य नव्हते. पुढे १९२७ साली रॉबर्ट बॉशच्या कंपनीने इंधन ढकलणारे यांत्रिक पंप मोठ्या प्रमाणावर तयार करावयास आरंभ केला, आणि डिझेल इंजिन मालमोटारीत सुखाने नांदू लागले.

यांत्रिक पंपाची एक मर्यादा होती. इंजिनाची गती वाढे तसा फवारीचा दाब वाढे, गती मंद झाली की दाबही मंदावे. धुराविषयीचे कायदे कडक होऊ लागले तेव्हा हे परावलंबन डाचू लागले. नॅव्हिस्टार ही शिकागो परिसरातील जुनी कंपनी, आणि कॅटरपिलर, या दोघींनी मिळून एक निराळी युक्ती काढली. इंजिनातील वंगण तेलच दुसऱ्या एका पंपाने जबर दाबाखाली आणावयाचे, ते प्रत्येक इंजेक्टरच्या माथ्यावर नेऊन सोडावयाचे, आणि त्या तेलाच्या रेट्याने इंजेक्टरातील लहान पिस्टन खाली दाबून इंधन सिलिंडरात फवारायचे. वरचा पिस्टन रुंद आणि खालचा अरुंद ठेवला की तेलाचा दाब इंधनापर्यंत पोहोचताना सुमारे सातपट होतो. केव्हा आणि किती फवारायचे हे विजेवर चालणारी झडप ठरविते. १९९४ च्या सुमारास ७.३ लिटरच्या इंजिनात ही योजना फोर्डच्या गाड्यांत आली, आणि ते इंजिन चिवटपणाबद्दल नावाजले गेले. तेलाने दुसरे काम निमूटपणे केले होते. म्हणूनच पुढच्या पिढीला ते सहज वाटले असावे.

२००३ चे सहा लिटरचे इंजिन आकाराने लहान, परंतु शक्तीने थोर होते: ३२५ अश्वशक्ती. प्रत्येक सिलिंडरला चार झडपा, आणि पाती फिरवून हवेचा पुरवठा कमीजास्त करणारा टर्बो. ती पाती हलविण्याचे कामही तेलाकडेच! शिवाय नायट्रोजनच्या विषारी ऑक्साइडांना आळा घालण्यासाठी धुराचा काही अंश पुन्हा इंजिनात परतविण्याची सोय होती. तो धूर तप्त असतो. म्हणून त्याला थंड करणारा एक कूलर, आणि त्या कूलरला पाणी पुरविण्याची व्यवस्था. येथेच पहिली चूक घडली, असे आज मागे वळून पाहताना म्हणता येते.

ही व्यवस्था नीट ध्यानात घेतली पाहिजे. इंजिनाच्या दोन्ही बाजूंच्या सिलिंडरांमध्ये जी घळ असते, तीत तेलाचा कूलर बसविला होता. त्यात पातळ पत्र्यांच्या थरांतून एका बाजूने तेल आणि दुसऱ्या बाजूने पाणी वाहते, आणि पाणी तेलाची उष्णता घेऊन जाते. हे मार्ग फार अरुंद. ओतकामात मागे राहिलेली वाळू आणि उष्णतेने विघटित झालेल्या शीतक द्रवाचा गाळ त्यांत अडकत जाई. तुंबत असे ती पाण्याची बाजू, तेलाची नव्हे. त्यामुळे तेल बदलून आणि फिल्टर बदलून काही साधत नसे. आणि घात असा, की धुराच्या कूलरला जाणारे पाणी ह्याच तेलकूलरमधून पुढे जाई. आधीचा तुंबला की नंतरचा तहानेने मरे. मग त्याच्या नळ्या फुटत, पाणी धुरात आणि क्वचित सिलिंडरातही शिरे, मागून पांढरी वाफ निघे, आणि शेवटी सिलिंडरच्या माथ्याची गॅस्केट जाई. प्रत्येक सिलिंडरभोवती चारच बोल्ट होते. ह्या ताणाला ते पुरेसे ठरत नसत.

आता मालक पाहणार काय? वाफ आणि गॅस्केट. कित्येक ठिकाणी नवा धुराचा कूलर बसवून, नवी गॅस्केट घालून गाडी मालकाच्या हवाली केली जाई, आणि तुंबलेला तेलकूलर मात्र तसाच घळीत बसून राही. काही महिन्यांनी पुन्हा तोच खर्च. रोग एकीकडे आणि लक्षण दुसरीकडे, असा हा प्रकार. जाणत्या मिस्त्रींनी त्यावर एक साधी कसोटी रूढ केली: गाडी भरधाव रस्त्यावर स्थिर वेगाने चालू असता तेलाचे आणि पाण्याचे तापमान ताडून पाहावे. दोहोंत १५ अंश फॅरनहाइट, म्हणजे आठएक अंश सेल्सियस, यांहून अधिक अंतर पडले तर तेलकूलरचे दिवस भरले. उंबरठ्यावरच रोग ओळखण्याची ही कसोटी ज्यांना ठाऊक होती त्यांची इंजिने वाचली.

दुसरा विकार उच्च दाबाच्या मार्गाचा. इंजिन सुरू व्हावयास त्या मार्गात तेलाचा दाब दर चौरस इंचास निदान ५०० पौंड हवा. भर कामाच्या वेळी तो साडेतीन हजारांच्या पुढे जाई. २००४ च्या उत्तरार्धातील आणि त्यापुढच्या इंजिनांत पंपाच्या तोंडाशी नळी जोडण्यासाठी खटकन बसणारा सांधा घातला होता. जोडणीच्या वेळी तो सोयीचा, पण कालांतराने तो सैल होऊन गळू लागे. तसेच तेल वर माथ्यापर्यंत नेणारे दोन उभे नळ आणि तेथील मार्ग बंद करणारी बुचे यांच्या रबरी कड्या झिजत. ह्याचे लक्षण मोठे चमत्कारिक. सकाळी थंड इंजिन तत्काळ चालू होई. दुपारी कामावरून परतताना पेट्रोल पंपावर क्षणभर थांबविले की पुन्हा चालू होण्याचे नाव घेत नसे. तेल थंड असते तेव्हा घट्ट असते, बारीक फटीतून सहज निसटत नाही. तापले की पातळ होते आणि दाब साठूच देत नाही. मग मालक दोन घटका सावलीत बसून इंजिन निवण्याची वाट पाहत. ह्या गाड्या हौसेच्या नव्हत्या. गुरांचे ट्रेलर ओढणारे शेतकरी, हत्यारे घेऊन फिरणारे गवंडी-सुतार, यांच्या रोजीरोटीची ती साधने होती. आणि हेच इंजिन फोर्डच्या व्हॅनमध्येही असल्याने कित्येक रुग्णवाहिका त्यावर धावत.

गळती शोधण्याची रीत पाहण्यासारखी आहे. दाब मोजणारा सेन्सर काढून त्याच्या छिद्रातून कॉम्प्रेसरची हवा भरावयाची आणि कान देऊन ऐकावयाचे. फुसफुस माथ्याच्या झाकणाखाली ऐकू आली तर दोष नळांचा किंवा बुचांचा. मागच्या बाजूने, खोल घळीतून आली तर पंपाजवळचा सांधा. पहिले काम झाकणे काढून होते. दुसऱ्यासाठी टर्बो आणि हवेचा मॅनिफोल्डही उचलावा लागतो. माथ्याच्या मोठ्या दुरुस्तीसाठी तर अनेक गॅरेजांत गाडीची संपूर्ण केबिनच सांगाड्यावरून वर उचलीत.

पुढे सुधारित भाग आले. खटक्याच्या सांध्याऐवजी आट्यांचा एकसंध सांधा. नळ आणि बुचांच्या कड्यांना पाठीशी टेफलॉनची जोड. दुबळ्या बोल्टांऐवजी मजबूत स्टड. तेलकूलरच्या खाली उच्च दाबाच्या पंपाचा तेलसाठा असतो आणि त्यावर बारीक जाळी असते. कूलर काढला की ती जाळीही बदलावी, कारण फाटलेल्या जाळीतून गेलेला कचरा पंप खातो. काहींनी त्याहून पुढे जाऊन पाण्याचा कूलर रद्दच केला आणि रेडिएटरसारखा वाऱ्यावर थंड होणारा कूलर गाडीच्या पुढच्या बाजूस बसविला. तुंबण्याची जागाच उरली नाही! ह्या सर्व सुधारणांत मोठे शोध कोणतेच नाहीत. दहावीस डॉलरांची कडी आणि हाताएवढा सांधा, एवढेच.

इकडे गॅरेजांत पाने चालू असता तिकडे वकिलांची लेखणी चालू झाली. फोर्ड आणि नॅव्हिस्टार यांचा डिझेल इंजिनांचा संबंध १९८३ च्या मॉडेलापासूनचा. वॉरंटीच्या खर्चाचा भार कोणी सोसावा यावरून जानेवारी २००७ मध्ये फोर्डने मिशिगनच्या न्यायालयात दावा दाखल केला. काही काळ इंजिनांचा पुरवठाही थांबला. जानेवारी २००९ मध्ये तडजोड झाली आणि दोघींची सोबत संपुष्टात आली. योगायोग असा, की हीच नॅव्हिस्टार २००५ साली महिंद्रांची भागीदार होऊन पुण्याजवळच्या चाकणला मालमोटारी बनविण्याच्या उद्योगात उतरली होती. तिचा हिस्सा पुढे महिंद्रांनीच विकत घेतला.

२००८ च्या मॉडेलात जे ६.४ लिटरचे इंजिन आले, त्यात तेलाच्या रेट्यावर चालणारे इंजेक्टर नव्हते. इंधनासाठी स्वतंत्र उच्च दाबाचा पंप आणि सर्वांना सामाईक नळी अशी योजना होती, आणि फोर्डने २०११ च्या मॉडेलासाठी स्वतः रचलेल्या ६.७ लिटरच्या इंजिनातही तीच राहिली. सहा लिटरचे इंजिन व्हॅनमध्ये मात्र २०१० पर्यंत टिकले. त्यांपैकी पुष्कळ आजही धावत आहेत. अशी गाडी गॅरेजात आली की अनुभवी मिस्त्री प्रथम इंजिन कोणत्या वर्षीचे ते विचारतो. २००३ च्या पंपाला खटक्याचा सांधा नाही, पण तो पंपच दुबळा. २००५ चा पंप बरा, पण त्याचा सांधा आणि नळ बदललेले आहेत की नाहीत ते पाहावे लागते. मग तो चालकाला मोठ्या रस्त्यावर एक फेरी मारावयास सांगतो आणि तेलाच्या व पाण्याच्या तापमानाचे आकडे शेजारी शेजारी लिहून घेतो.