नाइस

नाइस : इंग्रजीतील विशेषण. आजचे अर्थ छान, सुखद, स्वभावाने चांगला. लॅटिनमध्ये ‘ने’ म्हणजे नाही आणि ‘स्किरे’ म्हणजे जाणणे. त्यांवरून ‘नेस्किउस’, म्हणजे अजाण. ‘सायन्स’ हा शब्दही याच ‘स्किरे’च्या कुळातला. जुन्या फ्रेंचमधून ‘नाइस’ १३००च्या सुमारास इंग्रजीत आला तो ‘मूर्ख’ या अर्थाने. पुढे भित्रा, नाजूक, चोखंदळ, काटेकोर अशी वळणे घेत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो ‘छान’ या अर्थावर आला. चोखंदळ माणसाच्या पसंतीस उतरते ते छान, एवढा शेवटचा दुवा तरी सहज जुळतो. मधल्या काळात मात्र हे अर्थ एकमेकांत इतके मिसळलेले होते की सोळाव्या-सतराव्या शतकांतील कित्येक वाक्यांत नेमका कोणता अर्थ घ्यावा, हे कोशकारांनाही ठरवता येत नाही.

यावरून व्युत्पत्तीचा अर्थ तोच खरा अर्थ, हे मत टिकत नाही. ते मानायचे तर मराठीतला ‘राग’ही चुकीचा ठरेल, संस्कृतात त्याचे अर्थ रंग, आसक्ती, प्रेम असे आहेत आणि आपण तो थेट संतापासाठी वापरतो. यात कोणाची चूक नाही. शब्दाचा अर्थ बोलणारे ठरवतात, त्याचा पूर्वज नव्हे.

‘नाइस’वर दुसरा आक्षेप सैलपणाचा आहे, आणि तो जुना आहे. जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्थँगर ॲबी’ या कादंबरीत नायिका कॅथरीन एका कादंबरीला ‘नाइस’ म्हणते, तेव्हा हेन्री टिल्नी पुस्तकाच्या बांधणीचा विषय काढून तिची थट्टा करतो. त्याच्या मते हा शब्द नीटनेटकेपणापुरता होता. त्याची तक्रार अगदीच पोकळ नाही, कारण पुस्तक, हवा, माणूस, चहा या सगळ्यांना लागू पडणारे विशेषण त्यांतल्या एकाबद्दलही फारसे सांगत नाही. पण रोजच्या बोलण्यात अशा शब्दाची गरज असतेच. आपला ‘छान’ हेच काम करतो आणि त्यापायी मराठी दुबळी झालेली नाही.

मग व्युत्पत्ती शोधायची कशाला? जुना अर्थ पुरता नाहीसा होत नाही म्हणून. ‘नाइस डिस्टिंक्शन’ म्हणजे छान फरक नव्हे, सूक्ष्म फरक. ‘नाइसिटी’ म्हणजे बारकावा. इथे ‘छान’ म्हणून भाषांतर केले तर वाक्याचा अर्थच बदलतो.