निर्वहणसंधीचा अभाव : एका मल्लसंस्थेच्या ऱ्हासाची मीमांसा

रोलाँ बार्थ यांच्या 'मिथॉलॉजीज्' (१९५७) या पुस्तकातील पहिलाच लेख व्यावसायिक कुस्तीवर आहे. मुष्टियुद्ध ही प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत रचली जाणारी कथा असते. कुस्तीत मात्र प्रत्येक क्षण स्वतंत्रपणे अर्थवाही असतो, कालाचा ओघ तेथे गौण ठरतो, असे बार्थ यांचे प्रतिपादन आहे. त्यांनी पाहिलेल्या पॅरिसमधील खेळांपुरते ते खरेही असावे. परंतु हाच खेळ दर आठवड्याला दूरचित्रवाणीवर येऊ लागला की तो क्षणांचा न राहता मालिकेचा होतो, आणि मालिकेला शेवट द्यावा लागतो. अमेरिकेतील वर्ल्ड चॅम्पियनशिप रेसलिंग (यापुढे 'डब्ल्यूसीडब्ल्यू') या संस्थेचा ऱ्हास या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

आपल्याकडे निकाल आधी ठरवून लढल्या जाणाऱ्या कुस्तीला 'नुरा कुस्ती' म्हणतात, आणि हा शब्द निंदाव्यंजक आहे. अमेरिकी व्यवसायात मात्र निकाल ठरवणे हीच निर्मिती होय. त्या कामाला 'बुकिंग' आणि ते करणाऱ्यास 'बुकर' अशी संज्ञा आहे. कोण जिंकणार, कशा रीतीने, कोणत्या रात्री, आणि ती रात्र फुकट दाखवायची की पैसे आकारून, हे बुकर ठरवतो. नाटककार, सूत्रधार आणि तिकीटखिडकीचा हिशेबनीस अशा तिन्ही भूमिका त्याला एकाच वेळी वठवाव्या लागतात.

टेड टर्नर यांनी १९८८ मध्ये विकत घेतलेल्या या संस्थेने सप्टेंबर १९९५ मध्ये 'नायट्रो' हा सोमवारचा कार्यक्रम सुरू केला. जुलै १९९६ मध्ये लोकप्रिय नायक हल्क होगन खलनायकांना जाऊन मिळाला आणि 'न्यू वर्ल्ड ऑर्डर' ही टोळी अवतरली. त्या सुमारास सुरू झालेली 'नायट्रो'ची आघाडी सलग ८३ आठवडे, एप्रिल १९९८ पर्यंत टिकली. प्रतिस्पर्धी वर्ल्ड रेसलिंग फेडरेशनचा 'रॉ' तोवर मागेच होता. मुख आणि प्रतिमुख हे संधी इतक्या कुशलतेने रचलेले या व्यवसायाच्या इतिहासात क्वचितच आढळतील.

प्रश्न उद्भवला तो निर्वहणाचा. स्टिंग हा संस्थेचा जुना निष्ठावंत मल्ल. वर्षभराहून अधिक काळ तो चेहरा रंगवून, मूकपणे, क्रीडागृहाच्या छताखालून सारे न्याहाळत राहिला. २८ डिसेंबर १९९७ रोजी, 'स्टारकेड'मध्ये, त्याने होगनला निर्विवादपणे हरवावे एवढेच शिल्लक होते. रंगमंचावर घडले ते वेगळेच. कथेनुसार पंचाने तीन अंक लबाडीने भरभर मोजायचे, मग ब्रेट हार्टने हस्तक्षेप करून लढत पुन्हा सुरू करायची आणि स्टिंग विजयी व्हायचा. प्रत्यक्षात मोजणी नेहमीच्याच गतीने झाली. त्यामुळे नायक सरळसरळ हरल्याचे प्रेक्षकांनी पाहिले, आणि हार्ट ज्या अन्यायाविरुद्ध उभा राहिला तो अन्याय कोणालाच दिसला नाही. मोजणी चुकली की चुकवली गेली, हा वाद आजही मिटलेला नाही. मला तो दुय्यम वाटतो. एवढ्या प्रतीक्षेनंतर निर्भेळ विजयाऐवजी पंचाच्या लबाडीची उपकथा योजावीशी वाटणे हाच मूळ दोष होय. पुढे विजेतेपद रिक्त घोषित झाले आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये स्टिंगने ते पुन्हा जिंकले. परंतु तोवर रसभंग होऊन गेला होता.

याच्या मुळाशी कर्तृत्वाचा प्रश्न आहे. होगनच्या करारात त्याच्या कथानकावर त्याला अधिकार दिलेला होता. पात्रालाच स्वतःच्या पराभवाला नकार देण्याचा हक्क असेल, तर संहितेचा लेखक कोण?

गोल्डबर्गच्या बाबतीत हाच दोष दुसऱ्या रूपात दिसतो. ६ जुलै १९९८ रोजी अटलांटाच्या जॉर्जिया डोममध्ये त्याने होगनला हरवले, पण ही लढत पे-पर-व्ह्यूवर न विकता 'नायट्रो'वर फुकट दाखवली गेली. एका सोमवारच्या आघाडीसाठी वर्षाची कमाई उधळली गेली. ऑक्टोबरमध्ये 'हॅलोवीन हॅवक' नियोजित वेळेपेक्षा लांबला आणि अनेकांच्या घरी मुख्य लढतीच्या ऐन रंगात प्रक्षेपण तुटले. ती लढत दुसऱ्या दिवशी 'नायट्रो'वर दाखवावी लागली. गंमत अशी की 'रॉ'वर 'नायट्रो'ने मात केलेली ती शेवटची रात्र. डिसेंबरमध्ये केव्हिन नॅशने, विजेचा झटका देणाऱ्या उपकरणाच्या साहाय्याने, गोल्डबर्गची अपराजित मालिका संपवली. ४ जानेवारी १९९९ रोजी होगनने नॅशच्या छातीला बोट लावले, नॅश कोसळला, होगन विजेता ठरला आणि जुनी टोळी पुन्हा एकत्र आली. त्याच रात्री निवेदकाने, वरिष्ठांच्या सूचनेवरून, 'रॉ'वर मिक फोली विजेता होणार असल्याचे उपहासाने सांगून टाकले. लाखो प्रेक्षकांनी तो विजय पाहण्यासाठी वाहिनी बदलली. उपहास करणाऱ्यांना एवढेही कळले नव्हते की निकाल ठाऊक असूनही लोक कथा पाहतात. रामलीलेच्या प्रेक्षकाला हे सांगावे लागत नाही.

ऑक्टोबर १९९९ मध्ये आलेल्या व्हिन्स रूसो यांच्या काळाविषयी विस्ताराने लिहिण्याचे कारण नाही. चित्रपटाच्या जाहिरातीसाठी एप्रिल २००० मध्ये अभिनेता डेव्हिड आर्केट विजेता झाला. सप्टेंबरमध्ये स्वतः लेखक रूसो विजेते झाले. जे समीक्षक अशा प्रकारांस 'आत्मनिर्देशी संहिता' म्हणून गौरवतील त्यांच्याशी माझा मतभेद आहे. रंगमंचामागचे वास्तव रंगमंचावर आणण्यासाठी आधी रंगमंचावर काही विश्वसनीय असावे लागते.

केवळ बुकिंगमुळे संस्था बुडाली असे म्हणणे अर्थातच भाबडेपणाचे ठरेल. भरमसाट वेतनकरार होते, 'नायट्रो' तीन तासांचा झाला होता, १९९८ पासून 'थंडर'चीही भर पडली होती, आणि क्रिस बेन्वा, एडी गरेरो यांच्यासारखे कसलेले मल्ल २००० च्या आरंभी सोडून गेले होते. निर्णायक घाव घातला तो मार्च २००१ मध्ये, एओएल-टाइम वॉर्नरच्या विलीनीकरणानंतर, नव्या अधिकाऱ्यांनी कुस्ती वाहिन्यांवरून हटवली तेव्हा. प्रक्षेपणाची वेळच गेल्यावर अन्य खरेदीदारास त्या संस्थेत काही स्वारस्य उरले नाही. तथापि १९९७ मधील प्रेक्षकसंख्या कायम असती, तर हा निर्णय इतक्या सहजपणे घेतला गेला असता असे वाटत नाही.

संस्था प्रतिस्पर्ध्यानेच विकत घेतली. २६ मार्च २००१ रोजी फ्लोरिडातील पनामा सिटी बीच येथे 'नायट्रो'चा अखेरचा कार्यक्रम झाला. त्यातील शेवटची लढत स्टिंग आणि रिक फ्लेअर यांच्यात झाली. १९९५ च्या पहिल्या 'नायट्रो'वरही हेच दोघे लढले होते. या वेळी स्टिंग जिंकला, निर्विवादपणे, आणि लढतीनंतर दोघांनी एकमेकांना आलिंगन दिले.