मृगदाय : शिकारीच्या कुरणापासून अभयवनापर्यंत

धर्मचक्राच्या दोन्ही बाजूंना मान वर करून बसलेली दोन हरणं आपण सर्वांनी पाहिली आहेत. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात बुद्धमूर्तीच्या आसनावर ती आहेत, विहारांच्या कमानींवर आहेत, हल्ली लग्नपत्रिकांवरसुद्धा असतात. मुलांनी विचारलं की आपण सांगतो, भगवंतांनी सारनाथच्या मृगदायवनात पहिला उपदेश केला, म्हणून ही हरणं. उत्तर बरोबर आहे. पण त्या काळी राखलेल्या वनात हरणं ठेवत होते ती कशासाठी? जागा कोणाची, चारा कोण पेरत होतं? हे सहसा कोणी विचारत नाही. या लेखात तेवढाच शोध घ्यायचा आहे.

मृगदाय काही एकच नव्हतं. पाली ग्रंथांत राजगृहाजवळचं मद्दकुच्छी, साकेतचं अंजनवन, भग्गांच्या देशातलं भेसकळावन अशी बरीच मृगदायं येतात. अट्ठकथाकार नावाचा अर्थ सांगतात की तिथे हरणांना अभय दिलेलं होतं. आता अभय द्यावं लागलं, याचाच अर्थ आधी भय होतं. ते कसलं, हे कळायला भगवंतांचा एक दृष्टांत फार उपयोगी पडतो.

मज्झिम निकायातल्या पंचविसाव्या सुत्ताचं नावच निवापसुत्त आहे. निवाप म्हणजे हरणांसाठी मुद्दाम पेरलेला चारा. श्रावस्तीला जेतवनात भगवंत भिक्खूंना सांगतात, की चारा पेरणारा पारधी हरणांनी तो खाऊन धष्टपुष्ट व्हावं, दीर्घायुषी व्हावं म्हणून पेरत नाही. हरणं येतील, बेसावध होऊन खातील, खाता खाता धुंद होतील, आणि मग आपण त्यांचं हवं ते करू, असा त्याचा हिशेब असतो. पुढे हरणांचे चार कळप येतात. पहिला कळप सरळ चाऱ्यात घुसला आणि सापडला. दुसरा धास्तीने रानात पळाला, पण उन्हाळ्याच्या शेवटच्या महिन्यात गवत-पाणी संपलं, हरणं हाडाडली आणि त्याच चाऱ्यावर परत आली. तिसरा शहाणा निघाला. जवळच आसरा करायचा आणि सावधपणे खायचं. पण पारध्यांनी सगळ्या चाऱ्याभोवती खुंट आणि जाळी लावली, त्यांचा आसरा हुडकून काढला. चौथ्या कळपाने मात्र पारध्याला पोहोचता येणार नाही अशा जागी बिऱ्हाड केलं. त्याला छेडलं तर बाकीची हरणंही बिथरतील आणि चारा ओस पडेल, असा विचार करून पारध्यांनी त्याचा नाद सोडला.

सुत्तात पारधी म्हणजे मार आणि चारा म्हणजे पंचेंद्रियांचे विषय, हे उघड आहे. पण इतिहास वाचणाऱ्याने जरा थांबून पाहावं. पेरणी, जाळी, उन्हाळ्याची टंचाई, बिथरलेल्या कळपाचा धोका, सगळं किती नेमकं आहे! हा उद्योग ऐकणाऱ्यांच्या ओळखीचा असल्याशिवाय असा दृष्टांत कोणी देत नाही.

तोच निवाप शब्द निग्रोधमृग जातकात येतो, आणि तिथे तर चारा पेरण्याचं कारणही दिलं आहे. जातकाचं गद्य पुष्कळ नंतर लिहिलं गेलं, म्हणून गोष्टीला इतिहास म्हणता येणार नाही. पण गोष्टीत कारभार दिसतो. वाराणसीचा राजा ब्रह्मदत्त याला रोज मांस लागे. तो दररोज नगरातल्या आणि खेड्यातल्या लोकांची कामं बंद पाडून त्यांना शिकारीला नेई. लोक वैतागले. त्यांनी आपसात ठरवलं की राजाच्या उद्यानातच चारा पेरू, पाण्याची सोय करू, हरणं आत कोंडू आणि राजाच्या हवाली करू. मग दांडकी घेऊन त्यांनी योजनभर रान वेढलं, झुडपं आणि जमीन बडवत हाकारे घातले, आणि दोन कळप आत घालून दार लावून घेतलं.

म्हणजे चारा पेरला तो वेठीतून सुटण्यासाठी! राजाने हुकूम दिला नव्हता, लोकांनीच स्वतःच्या कष्टाने तोडगा काढला. वेठ म्हणजे काय हे आपल्या आजा-पणजांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. संस्थानी मुलखात शिकारीच्या हाक्याला रयतेला असंच धरून नेत. आणि वतनी महाराला तर सरकारी कामासाठी केव्हाही बोलावणं येई. हे वतन नष्ट व्हावं म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात बिल मांडलं, पण मुंबई राज्यात कायदा झाला तो त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५८ चा. जातक वाचताना लोकांच्या त्या एका वाक्यावर, आमची कामं बुडतात यावर, आपली नजर आधी जाते ती उगाच नाही.

वेठ लोकांची सुटली आणि पाळी हरणांवर आली. कधी राजा, कधी त्याचा स्वयंपाकी येऊन बाण मारी. एक मरे, पण भीतीने सैरावैरा पळून अनेक जखमी होत. तेव्हा निग्रोध आणि शाख या दोन कळपप्रमुखांनी पाळ्या लावल्या. एक दिवस या कळपातलं, दुसऱ्या दिवशी त्या कळपातलं हरीण स्वतः जाऊन ओंडक्यावर मान ठेवी. एकदा शाखाच्या कळपातल्या गाभण हरिणीची पाळी आली. पिल्लू होईपर्यंत थांबा, म्हणाली. शाखाने ऐकलं नाही. निग्रोधाने, म्हणजे बोधिसत्त्वाने, तिच्या जागी आपली मान ठेवली. राजा धावत आला. त्याने दोघांना अभय दिलं. निग्रोधाने विचारलं, बाकीच्यांचं काय? मग उद्यानातल्या सर्व हरणांना, मग बाहेरच्या हरणांना, मग सर्व चतुष्पादांना, पक्ष्यांना, पाण्यातल्या माशांनाही अभय मिळालं. सातव्या शतकात आलेल्या ह्युएन त्संगने अशीच गोष्ट सारनाथला ऐकून लिहून ठेवली आहे. तो सांगतो, राजाने ते वन हरणांना दान केलं म्हणून त्याला हे नाव पडलं.

अशी राखीव रानं गोष्टीतच होती असं नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पडीक जमिनीच्या व्यवस्थेचं एक प्रकरण आहे. त्यात राजाच्या मृगवनाचा नकाशाच दिला आहे म्हणा ना. दार एकच, भोवती खंदक, आत गोड फळांची झुडपं, बिनकाट्याची झाडं, उथळ तळी, माणसाळलेली हरणं आणि नखं-दात मोडलेली हिंस्र जनावरं. कशासाठी? राजाच्या विहारासाठी! इथे विहार म्हणजे करमणूक. राजाला ना काटा लागावा, ना वाघाने ओरबाडावं, अशी ही शिकार. याला शौर्य कोणी म्हणावं हा प्रश्नच आहे. मात्र त्याच ग्रंथात दुसरंही एक मृगवन सांगितलं आहे, सर्व प्राण्यांना पाहुण्यासारखं वागवणारं. शिवाय अभयवनातल्या प्राण्याला मारणाऱ्यास जबर दंड आहे.

सम्राट अशोकाने नेमका हाच विहार शब्द पकडला. आठव्या शिलालेखात तो म्हणतो, पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत, तिथे मृगया आणि तशाच मौजा चालत. राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर तो संबोधीच्या ठिकाणी गेला, आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली. यात श्रमण-ब्राह्मणांना दान, वृद्धांची भेट, खेड्यापाड्यांतल्या लोकांशी धम्माची चर्चा. पहिल्या शिलालेखात तो आपल्या स्वयंपाकघराचा हिशेब देतो. पूर्वी रोज लाखोंनी जीव मारले जात, आता दोन मोर आणि एक हरीण, तेही हरीण रोज नाही, पुढे हेही बंद होतील. राजाने आपल्याच ताटाचा हिशेब दगडावर कोरून जाहीर करावा, हे मला तरी फार मोठं वाटतं.

या आठव्या लेखाचा एक तुकडा आपल्याकडेच, सोपाऱ्याला, १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सापडला. तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. मुलांना घेऊन मुंबईला जाणाऱ्यांनी जरूर पाहावा.

अशोकानंतर शिकारीची रानं संपली नाहीत. कोल्हापूर संस्थानात काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते पाळत. दाजीपूरचं जंगल त्या राजघराण्याचं शिकारीचं रान होतं, ते १९५८ साली अभयारण्य झालं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तर काळवीट आणि चिंकारा यांना सर्वांत कडक संरक्षण दिलं.

अमेरिकेत मात्र निवापाची रीत आजही जोरात आहे. तिथे लोक स्वतःच्या मालकीच्या रानात एखाद-दोन एकराचे तुकडे काढून त्यांत हरणांसाठी क्लोव्हर गवत, ओट, सलगम पेरतात आणि झाडावर मचाण बांधून बसतात. टेक्सासमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त जमीन खाजगी आहे, ती शिकाऱ्यांना हंगामापुरती भाड्यानेही देतात. त्यांची बाजूही सांगितली पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथली पांढऱ्या शेपटीची हरणं बेसुमार शिकारीने पाच लाखांच्या आत आली होती. मग कायदे झाले, १९३७ पासून बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी खर्च होऊ लागला, आणि आज ही हरणं अंदाजे तीन कोटी आहेत. पण एकाच ढिगावर तोंडं लावल्याने रोग पसरतो, म्हणून काही राज्यांनी आमिषाचा चारा टाकायला बंदी केली आहे. पेरणाऱ्याचा हिशेब सुत्तातल्या पारध्याहून फार वेगळा नाही, फक्त जाळ्याच्या जागी बंदूक आली.

जातकाची गोष्टही अभयावर संपत नाही, आणि हा भाग सहसा कोणी सांगत नाही. अभय मिळालेली हरणं लोकांच्या शेतात शिरून पिकं खाऊ लागली. मारायची तर सोय नाही. लोक राजाकडे गेले. राजा म्हणाला, राज्य गेलं तरी चालेल, दिलेला शब्द मोडणार नाही. आता शेतकऱ्याने काय करायचं? हे निग्रोधाच्या कानावर गेलं. त्याने कळपाला बजावलं, आजपासून दुसऱ्याचं पीक खायचं नाही. आणि शेतकऱ्यांना निरोप धाडला, कुंपण घालू नका, शेताच्या कडेने खूण म्हणून नुसती पानं बांधा. तेव्हापासून पानं बांधायची चाल पडली, असं जातक सांगतं. पानं दिसली की हरणं माघारी वळत.

आपल्याकडे आज हरणं, रोही, रानडुकरं रात्रीत उभं पीक फस्त करतात. शेतकरी माळ्यावर बसून डबे वाजवत रात्र काढतो, आणि सकाळी पंचनाम्यासाठी वनखात्याच्या कचेरीची वाट धरतो.