नागभीडला गाडी बदलायची

नागपूरहून छोट्या गाडीने ज्यांनी चंद्रपूर गाठलंय त्यांना नागभीड वेगळं सांगायला नको. नागपूर-नागभीड ही अडीच फुटी नॅरोगेज लाईन १९०८ ची. गोंदियाहून नागभीडमार्गे चांदा फोर्टला जाणारी लाईनही आधी तशीच होती, ती नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज झाली. नागपूरची मात्र छोटीच राहिली. मग पुढची वीसेक वर्षं नागभीडला उतरायचं, ट्रंका-पिशव्या उचलायच्या आणि मोठ्या गाडीत जागा धरायची. दोन्ही गाड्या धडधाकट, दोन्ही रूळ शाबूत, पण एकीची चाकं दुसरीच्या रुळांवर बसायची नाहीत!

हे आठवायचं कारण म्हणजे एक जुना स्कॅनर.

आमचे मोठेबाबा (म्हणजे बाबांचे थोरले भाऊ) मास्तर होते आणि त्यांना फोटोचा भारी नाद होता. सत्तरच्या दशकात त्यांनी चांद्यापासून सिरोंच्यापर्यंतच्या स्लाईड काढल्या. तेव्हा हा सगळा एकच जिल्हा. गडचिरोली वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला. रंगीत स्लाईड बहुतेक ऑर्वोच्या, पूर्व जर्मनीतल्या वोल्फेनच्या कारखान्यातल्या. कृष्णधवल रोल 'इंदू'चे, म्हणजे उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचे. मोठेबाबा गेल्यावर सगळे डबे लोखंडी कपाटात पडून राहिले. आपल्याकडचा पावसाळा तुम्हाला ठाऊकच आहे. फिल्मवरचा जिलेटिनचा थर म्हणजे बुरशीला आयती मेजवानी. काही स्लाईडवर जाळी धरली, काहींचे रंग उडून नुसता गुलाबीपणा उरला.

घाई मात्र बुरशीची नव्हती. फोटोतली माणसं ओळखणारं घरात आता एकच माणूस उरलंय, आमची मोठी आई. तिची नजर दिवसेंदिवस कमी होतेय. इवलीशी स्लाईड उजेडासमोर धरली तर तिला काही दिसत नाही. मोठ्या पडद्यावर दाखवली तर अजून दिसतं. अजून!

म्हणून ओळखीच्या एका फोटोवाल्याकडून त्याचा जुना फिल्म स्कॅनर आणला. साधारण १९९८ च्या पिढीतला, इंचाला २७०० ठिपके वाचणारा. ३५ मिमीच्या एका चौकटीतून जवळजवळ एक कोटी ठिपके मिळतात, आजही पुष्कळ झाले. दिवा लागला, मोटर घुरघुरली. यंत्र उत्तम चालू होतं. पण मागची केबल पाहिली आणि डोक्याला हात लावला. पन्नास पिनांचं रुंद तोंड! लॅपटॉपला हे लावायचं कुठे?

ही स्कझी नावाची जोडणी. तिचं मूळ शुगार्ट असोसिएट्स या अमेरिकन कंपनीच्या १९८१ च्या आराखड्यात आहे, आणि १९८६ मध्ये ते अधिकृत मानक झालं. त्याच वर्षीच्या मॅक प्लसला हे तोंड होतं. हार्डडिस्क, स्कॅनर असं सगळं एका माळेत ओवायचं, प्रत्येकाला शून्य ते सात यातला वेगळा क्रमांक द्यायचा, आणि माळेच्या शेवटी टर्मिनेटर लावायचा. तो विसरला तर संदेश टोकावर आपटून परत येतात आणि सगळा गोंधळ होतो. स्कॅनर आधी सुरू करायचा, संगणक नंतर. हा क्रम चुकला तर संगणकाला तो बहुधा दिसतच नाही.

मग १९९५ मध्ये फायरवायर आलं, १९९६ मध्ये यूएसबी. १९९८ च्या आयमॅकने स्कझी काढूनच टाकली. निकॉनच्या कूलस्कॅन मालिकेत हा सगळा इतिहास ओळीने दिसतो: एलएस-२००० ला स्कझी, ४००० ला फायरवायर, ५००० ला यूएसबी २.०. पुढे डिजिटल कॅमेऱ्यांनी फिल्मच मागे टाकली. कोनिका मिनोल्टाने २००६ मध्ये फोटोचा धंदा सोडला. फायरवायरचंही तेच झालं, २०२५ च्या मॅकओएस टाहोमधून ते गेलं.

बरं, तोंड जुळवून भागत नाही. संगणकाला त्या यंत्राची भाषा समजावणारा ड्रायव्हर लागतो, आणि ३२-बिटी विंडोजसाठी लिहिलेला ड्रायव्हर ६४-बिटी विंडोज घेत नाही. स्कझी ते यूएसबी असे जोड निघाले होते, पण त्यांनाही त्याच काळातलं विंडोज लागे. लिनक्सवाल्यांचं सेन आणि एड हॅमरिक यांचं व्ह्यूस्कॅन यांनी मात्र कितीतरी जुनी यंत्रं जिवंत ठेवली आहेत.

मी शेवटी नागभीडचाच मार्ग धरला. थेट गाडी नाही ना, मग मध्ये बदलायची! दुरुस्तीच्या दुकानातून पीसीआय स्लॉट असलेला जुना डेस्कटॉप आणला, त्यात स्कझी कार्ड बसवलं, विंडोज एक्सपी टाकलं. एक्सपीची देखभाल एप्रिल २०१४ मध्येच थांबली, म्हणून त्याला इंटरनेट अजिबात दिलं नाही. चित्रं पेनड्राईव्हवर उतरवून लॅपटॉपमध्ये न्यायची. हमालीच ती, पण माल पोचतो.

धूळ-ओरखडे हटवायला स्कॅनरमध्ये अवरक्त किरणांची सोय आहे. रंगीत स्लाईडमधून ते किरण पार जातात, धुळीवर अडतात, म्हणून धूळ वेगळी कळते. 'इंदू'च्या कृष्णधवल फिल्मवर हे चालत नाही. तिथे चित्रच चांदीच्या कणांचं, किरण त्यांच्यावरही अडतात. तिथे आपली मऊ ब्रशच बरी.

पहिल्याच डब्यात एक फलाट निघाला. छोटी गाडी, धूर, बायका-पोरं, गाठोडी. मला काही कळेना. मोठी आई पडद्याजवळ सरकली.

"हे त नागभीडचं ठेसन होय ना रे! आन् ही मी. कडेवर तुझा बाप होय."

"बाबा? ते तर मोठेबाबांहून थोडेच लहान ना!"

"हव रे, चुकली. तुझा दादा होय तो. लाल सदरा मीच शिवला होता."

सदरा आता गुलाबी दिसत होता. मी फाईलच्या नावात लगेच लिहून ठेवलं: लाल.

ती छोटी लाईन नोव्हेंबर २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली. फोटोतली गाडी गेली, फिल्म गेली, केबल गेली. स्कॅनर कसाबसा जोडता आला, पण त्यातून येतो तो नुसता फलाट. त्याचं नागभीड मोठी आईने केलं. तिचं काम करणारं कार्ड कुठल्याच दुकानात मिळणार नाही.

म्हणून आता क्रम बदललाय. रोज दहाच स्लाईड, पण ती शेजारी बसलेली असताना. नावं आधी, रंगांची सफाई नंतर.

असो. नातेवाईक मंडळी, तुमच्याकडेही मोठेबाबांचे डबे असतील तर पावसाळ्याआधी आणा. आणि येताना दोन दिवस राहायच्या तयारीने या.