दत्तक बालकांतील अनुबंधदोष
तान्ह्या मुलाचे आपला सातत्याने सांभाळ करणाऱ्या एकदोन व्यक्तींशी जे भावनिक नाते जुळते, त्यास ‘अनुबंध’ म्हणतात. ते वेळीच न जुळल्यास उद्‌भवणारे दोष मूल दत्तक गेल्यावर किंवा संगोपक कुटुंबात आल्यावर ठळकपणे दिसतात. ब्रिटिश मनोविश्लेषक जॉन बोल्बी (१९०७–९०) यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या प्रबंधात (१९५१) मातृवियोगाचे दुष्परिणाम मांडले. मात्र हे दोष पुढे कितपत भरून निघतात, याविषयी मतभेद राहिले. या प्रश्नावर पुष्कळसा प्रकाश पडला तो रूमानियातील एका राजकीय दुष्कृत्यामुळे.

लोकसंख्यावाढीसाठी निकोलाय चाउशेस्कू यांच्या राजवटीने १९६६ मध्ये गर्भपातावर कडक निर्बंध घातले. संततिनियमनाची साधनेही दुर्मिळ होती. पोसणे न झेपणारी मुले शासकीय बालगृहांत जाऊ लागली. डिसेंबर १९८९ मध्ये राजवट कोसळली, तेव्हा तेथे एक लाखाहून अधिक मुले होती. त्यांना सरसकट ‘अनाथ’ म्हणणे चुकीचे होय. बहुतेकांचे आईवडील हयात होते. पाळीपाळीने बदलणाऱ्या मोजक्या सेविकांमुळे मुलाला ‘आपले’ असे माणूसच लाभत नसे.

ब्रिटनमध्ये दत्तक आलेल्या अशा १६५ मुलांचा मायकेल रटर व सहकाऱ्यांनी दीर्घकाल अभ्यास केला. सहा महिन्यांच्या आत संस्थेतून सुटलेली मुले इतर दत्तक मुलांसारखीच वाढली. त्याहून अधिक काळ तेथे राहिलेल्यांपैकी अनेक मुले मात्र अनोळखी माणसाबरोबरही निःशंकपणे चालू लागत. वरवर लाघवी वाटणारे हे वर्तन अनुबंधाच्या अभावाचे लक्षण असतेच असे मात्र नाही. काहींमध्ये ते प्रौढपणीही टिकले. तथापि सुमारे एक पंचमांश मुले कोणत्याही दोषाविना वाढली, ही बाबही तितकीच लक्षणीय आहे.

बूखारेस्टमध्ये चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स व चार्ल्स झीना यांनी संस्थांतील १३६ मुलांपैकी ६८ मुले चिठ्ठ्या टाकून संगोपक कुटुंबांत ठेवली. शहरात अशी कुटुंबे जवळजवळ नसल्याने ती संशोधकांनाच तयार करावी लागली. उरलेल्यांना संस्थेतच राहू देणे कितपत न्याय्य, हा आक्षेप गंभीर होता. पण त्यांना बाहेर पडण्यास मज्जाव नव्हता. दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेलेल्या मुलांचे अनुबंध अधिक सुरक्षित आढळले. अलिप्तपणा पुष्कळ कमी झाला. परक्यांशी सलगी मात्र चिवट ठरली.

रूमानियाच्या २००४ च्या कायद्याने दोन वर्षांखालील मुलांना संस्थेत ठेवण्यास बंदी केली. तीव्र अपंगत्व असलेल्या बालकांचा अपवाद मात्र त्यात राहिला.