आठ राजीनामे आणि एक ड्रॉइंग पिन

माझ्या मेलबॉक्सच्या ड्राफ्ट्समध्ये एक मेल अकरा महिने पडून होता. विषय : राजीनामा. दर रविवारी रात्री तो उघडायचो, एखादा शब्द इकडचा तिकडे करायचो आणि बंद करून झोपायचो. सोमवारी सकाळी पुन्हा हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये.

माझा मॅनेजर ओरडायचा नाही, शिव्या द्यायचा नाही. तो फक्त मी केलेलं काम गुपचूप दुसऱ्या कुणाकडून तरी तपासून घ्यायचा. काम नीट झालं की क्लायंटच्या कॉलवर ते ‘आपण’ केलेलं असायचं आणि चुकलं की ‘यानं’. आई म्हणायची, “अरे, साहेब म्हटला की तो असाच. पगार वेळेवर होतोय ना?” मित्र म्हणायचे, “सोड रे, दुसरी बघ.” दोघांचंही बरोबर होतं. पण सोडायची तर नेमकी कधी, हे कुणीच सांगत नव्हतं.

त्याच दिवसांत मी विल्यम शॉकलीबद्दल वाचायला लागलो. या माणसाच्या नावाचं डायोडचं समीकरण मी बेसिक इलेक्ट्रॉनिक्सच्या पेपरात सोडवलं होतं. तो बॉस कसा होता, हे मात्र सिलॅबसमध्ये नव्हतं.

फोटोतली खुर्ची

डिसेंबर १९४७. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातली बेल लॅब्स. जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटेन या दोघांनी जर्मेनियमच्या तुकड्यावर सोन्याचे दोन संपर्क अगदी जवळजवळ टेकवून जगातला पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखवला. शॉकली त्यांच्या गटाचा प्रमुख. शोध आपल्या गटात लागला, पण आपल्या हातून लागला नाही, हे त्याला फार लागलं. वर्षअखेरीला तो शिकागोच्या एका हॉटेलच्या खोलीत कागद घेऊन बसला आणि काही आठवड्यांत त्याहून चांगल्या, जंक्शन ट्रान्झिस्टरची कल्पना मांडली. म्हणजे माणूस खरोखर हुशार होता. बॉस नुसता बिनडोक असता तर गोष्ट सोपी होती. अशा बॉसची कीव तरी करता येते.

१९४८ साली शोध जाहीर झाला तेव्हा प्रसिद्धीसाठी एक फोटो काढला गेला. त्यात ब्रॅटेनच्या बाकावर, सूक्ष्मदर्शकासमोर शॉकली बसलाय. ज्यांनी ते उपकरण बनवलं, ते दोघं मागे उभे. ब्रॅटेनला तो फोटो कधीच आवडला नाही. गेली कित्येक दशकं पुस्तकांत तोच छापला जातोय.

पुढे शॉकलीने जंक्शन ट्रान्झिस्टरचं काम स्वतःकडे ठेवलं आणि या दोघांना त्यापासून लांब. दोघांनी दोन वेगळे मार्ग काढले. ब्रॅटेनने शॉकलीच्या हाताखाली काम करायला नकार देऊन त्याच कंपनीत गट बदलून घेतला. बार्डीनने १९५१ मध्ये बेल लॅब्सच सोडली आणि जाताना वरिष्ठांना आपण का जातोय ते लिहून कळवलं. तो इलिनॉय विद्यापीठात गेला, तिथे अतिवाहकतेचा सिद्धान्त मांडला आणि १९७२ मध्ये त्यासाठी दुसरं नोबेल मिळवलं. भौतिकशास्त्राचं नोबेल दोनदा मिळवणारा तो आजवरचा एकमेव माणूस आहे.

३९१, सॅन अँटोनियो रोड

१९५६ मध्ये शॉकलीने कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यू गावात, या पत्त्यावर, स्वतःची प्रयोगशाळा थाटली. पैसा अर्नोल्ड बेकमन या उद्योजकाच्या कंपनीचा. बेल लॅब्समधले जुने सहकारी काही यायला तयार झाले नाहीत. ते त्याला ओळखून होते. मग त्याने देशभरातून तरुण पोरं निवडली. फिलाडेल्फियाहून रॉबर्ट नॉइस आला. जॉन्स हॉपकिन्समधून गॉर्डन मूर आला. दोन डॉक्टरेट असलेला स्वित्झर्लंडचा जाँ होर्नी आला. शॉकलीचा फोन येणं हीच तेव्हा मोठी गोष्ट होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी शॉकली, बार्डीन आणि ब्रॅटेन यांना नोबेल जाहीर झालं, तेव्हा या सगळ्या पोरांनी पालो अल्टोच्या एका हॉटेलात बॉससोबत ग्लास उंचावले. तोही फोटो उपलब्ध आहे. हसरे चेहरे आहेत सगळे. पुढच्या अकरा महिन्यांत त्यातले आठ जण निघून गेले.

मधल्या काळात काय झालं? भरती होताना मानसशास्त्रीय चाचण्या. एकदा सगळ्यांचे पगार नोटीस बोर्डावर. कुणी एखादा निष्कर्ष आणला की त्याच्यासमोरच बेल लॅब्समधल्या जुन्या मित्राला फोन करून खात्री करून घ्यायची. (इथे मी वाचायचं थांबून पाणी पिऊन आलो.) आणि ज्या सिलिकॉन ट्रान्झिस्टरसाठी ही मंडळी आली होती, तो बाजूला सारून चार थरांच्या डायोडचा हट्ट. ती त्याची स्वतःची कल्पना होती आणि बनवायला भलतीच किचकट.

मग ती पिनेची भानगड. ऑफिसातल्या एका सेक्रेटरीच्या हाताला दारातलं काहीतरी टोकदार लागलं. हा घातपात आहे, असं शॉकलीने ठरवलं आणि लोकांना लाय डिटेक्टरला बसवायचा घाट घातला. शेल्डन रॉबर्ट्सने ती टोकदार वस्तू सूक्ष्मदर्शकाखाली धरली. निघाली साधी ड्रॉइंग पिन, डोकं तुटलेली. नोटीस लावताना कुणीतरी टोचलेली.

मला वाटतं, या कथेतली सगळ्यात बोलकी गोष्ट हीच. रागीट बॉस सहन होतो. कामाचा डोंगर लादणाराही होतो. पण ज्याला आपली प्रत्येक चूक हा कट वाटतो, त्याच्या हाताखाली माणूस काम करत नाही, दिवसभर साक्ष देत बसतो. मीसुद्धा तेच करत होतो. प्रत्येक मेलला पुरावा म्हणून चार जण सीसीत.

आधी बोलले, मग गेले

‘गद्दार आठ’ हे नाव त्यांना पुढे चिकटलं. आपल्याकडे तो शब्द हल्ली कुणीही कुणालाही लावतो, त्यामुळे त्यात दम उरलेला नाही. पण या आठांचा क्रम पाहिला तर गद्दारी कुठे दिसत नाही.

१९५७ च्या मे महिन्यात बेकमनने प्रयोगशाळेत येऊन खर्चाचा विषय काढला. शॉकली भडकला आणि म्हणाला, पटत नसेल तर मी माझी माणसं घेऊन दुसरीकडे जाईन. ती माणसं त्याच्यासोबत जायला मुळीच तयार नव्हती. मग मूरने सगळ्यांच्या वतीने थेट बेकमनला फोन केला. बैठका झाल्या, जेवणं झाली. त्यांची मागणी राजीनाम्याची नव्हतीच. शॉकलीला विद्यापीठात प्राध्यापकी मिळू द्या, सल्लागार म्हणून राहू द्या, रोजचं व्यवस्थापन दुसऱ्याकडे द्या, एवढंच. बेकमन आधी राजी दिसला, मग मागे फिरला. नोबेलवाल्या माणसाला बाजूला सारणं त्याला जमलं नाही. थोडीफार फेररचना झाली, अंतिम शब्द शॉकलीचाच राहिला.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडलं. पिन सापडली त्या दिवशी ते गेले नाहीत, पगार बोर्डावर लागले तेव्हाही नाहीत. ज्याच्या हातात बदल करण्याची ताकद होती त्याला त्यांनी स्पष्ट सांगितलं, त्याने ऐकून घेतलं आणि तरीही काही बदललं नाही, तेव्हा गेले. बॉस वाईट आहे हे कळणं ही अर्धीच माहिती. त्याच्या वरच्यांना तो तसाच हवा आहे, हे कळलं की ती पूर्ण होते. आणि एकदा डोक्यावरून तक्रार करून ती फसली की परत खाली मान घालून बसणं अवघड असतं, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं.

तरी स्वतःची कंपनी काढायचं त्यांच्या डोक्यात नव्हतं. यूजीन क्लाइनरने वडिलांच्या ओळखीच्या न्यूयॉर्कच्या एका गुंतवणूक फर्मला पत्र लिहिलं, त्याचा सारांश असा की आम्ही काही जण एकत्र चांगलं काम करतो, आम्हाला एकगठ्ठा नोकरी देणारं कुणी आहे का? ते पत्र तिथल्या आर्थर रॉक या तरुणाच्या हाती पडलं. कंपनीच काढा, हा सल्ला त्याचा. नॉइस सगळ्यात शेवटी तयार झाला. तो शॉकलीचा लाडका होता, घरी मुलंबाळं होती. डझनावारी कंपन्यांनी नकार दिल्यावर शेरमन फेअरचाइल्डने पैसे दिले. आठांनी प्रत्येकी ५०० डॉलर घातले. १८ सप्टेंबर १९५७ रोजी राजीनामे पडले. त्यांची वयं २७ ते ३४.

१८७२ सालचं एक कलम

रील्समध्ये ही गोष्ट इथे संपते. टॉक्सिक बॉस सोडा, सिलिकॉन व्हॅली उभारा. पण तीन गोष्टी राहून जातात.

पहिली, नशीब. राजीनाम्यानंतर १६ दिवसांनी सोव्हिएत रशियाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेला क्षेपणास्त्रांसाठी, विमानांसाठी ट्रान्झिस्टर हवेहवेसे झाले. आयबीएमने पहिले १०० नग प्रत्येकी १५० डॉलरना घेतले. हे काही त्यांनी ठरवून घडवलेलं नव्हतं.

दुसरी, कायदा. नोकरी सोडल्यावर स्पर्धकाकडे जायचं नाही, ही अट कॅलिफोर्नियात १८७२ पासून चालत नाही. गंमत म्हणजे आपल्या भारतीय करार कायद्याचं कलम २७ ही त्याच वर्षाचं, आणि दोन्हींचं मूळ एकच. न्यूयॉर्कच्या डेव्हिड डडली फील्ड या वकिलाने केलेला मसुदा, जो खुद्द न्यूयॉर्कने कधी स्वीकारलाच नाही. पण आपल्याकडे एक मेख आहे. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनमधला एक शिफ्ट सुपरवायझर पाच वर्षांच्या कराराची मुदत संपण्याआधीच राजस्थानातल्या स्पर्धक कंपनीत गेला. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने कौल दिला. कराराच्या मुदतीत घातलेलं बंधन चालतं, असं म्हणाले. म्हणून ऑफर लेटरवर सही करताना आपण जी पानं न वाचता उलटतो, ती वाचलेली बरी.

तिसरी गोष्ट, ती पुन्हा घडली. फेअरचाइल्डमध्ये होर्नीने सिलिकॉनवर ऑक्साइडचा थर राखून ट्रान्झिस्टर घडवण्याची पद्धत काढली, तिच्या जोरावर १९५९ मध्ये नॉइसने इंटिग्रेटेड सर्किटची कल्पना मांडली. पण नफा पूर्वेकडच्या मुख्यालयात जात होता आणि निर्णयही तिथेच होत होते. १९६१ मध्ये होर्नी, लास्ट, रॉबर्ट्स आणि क्लाइनर गेले. १९६८ मध्ये नॉइस आणि मूरही गेले, आणि त्यांनी इंटेल काढली. म्हणजे एकदा धाडसाने बाहेर पडलं की आयुष्यभराची सोय होते असं नाही. त्यांना तोच प्रश्न पुन्हा सोडवावा लागला.

शॉकलीची प्रयोगशाळा नफ्यात आलीच नाही. १९६० मध्ये ती विकली गेली. तो स्टॅनफर्डला प्राध्यापक झाला आणि पुढे वंश आणि बुद्धिमत्तेबद्दल विषारी मतं मांडत राहिला. तरी एक ऋण नाकारता येत नाही. त्या आठांना एका छताखाली आणलं ते त्यानेच. माणसं हेरण्याची नजर त्याच्याकडे होती, ती टिकवण्याची नव्हती.

ड्राफ्ट

मी काही आठांतला नाही. डॉक्टरेट नाही, आर्थर रॉक नाही, फ्लॅटचा हप्ता आहे. म्हणून मी त्यांच्यातलं मला जमेल तेवढंच उचललं. ड्राफ्ट बाजूला ठेवला आणि मॅनेजरच्या वरच्यांकडे अर्ध्या तासाचा वेळ मागितला. तीन उदाहरणं तारखांसह सांगितली. राजीनामा नको, टीम बदलून द्या, म्हणालो. ब्रॅटेनचा मार्ग. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, “बघतो” म्हणाले. सहा आठवडे मी वाट पाहिली. मग आठवण केली. “अरे, तो रिझल्ट देतो ना,” असं उत्तर आलं.

त्या वाक्याचं वाईट वाटेल असं वाटलं होतं. उलट हलकं वाटलं. आता माहिती पूर्ण झाली होती. त्या रात्री बचतीचा हिशेब केला. नोटीस पीरियड धरून सात महिने निघत होते. आईला फोन केला. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “दुसरी मिळेपर्यंत इथे जेवायला येत जा.”

मेल उघडला. अकरा महिन्यांत त्यात बरीच भर पडली होती, बराच राग होता. तो सगळा काढला. दोन ओळी उरल्या. त्या पाठवल्या.